आधी खेळ, मग उच्चार

प्रश्न : माझा ६ वर्षांचा मुलगा भरभर बोलतो, शब्दांचे शेवट गिळतो आणि ‘ळ’ऐवजी ‘ल’ म्हणतो. चूक दाखवली की गप्प बसतो. काय करावे?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चूक दाखवणे आजपासून थांबवा, कारण गप्प बसलेल्या मुलाचे उच्चार सुधारत नाहीत. त्याऐवजी घरात खुर्च्यांची केएमटी, म्हणजे कोल्हापूरची शहर बस, मांडा. मुलगा कंडक्टर, आपण मागच्या बाकावरची वयस्कर प्रवासी. ‘रंकाळा, बिंदू चौक, ताराराणी चौक’ असे त्याने पुकारायचे आणि शब्दाचा शेवट ऐकू आला नाही, तर आपण चुकीच्या थांब्यावर उतरायचे! आपला शब्द समोरच्यापर्यंत पोहोचला नाही, हे त्याला अशा वेळी स्वतःलाच उमगते आणि तो आपसूक सावकाश, मोकळे तोंड करून बोलू लागतो. माझ्या मते सारे मर्म यातच आहे.

‘ळ’साठी जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे असते. ते आरशासमोर दाखवा आणि ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे कधी राजाच्या, कधी म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणायला लावा. ओठांसमोर कागदाची पट्टी धरली की ‘प’पेक्षा ‘फ’ला ती अधिक हलते, हेही मुलांना फार आवडते.

‘ळ’ आणि ‘र’ पुष्कळ मुलांना उशिराच साधतात. मात्र परक्यांना त्याचे बोलणे समजतच नसेल किंवा तो अडखळत असेल, तर श्रवणतपासणी करून वाचा-उपचारतज्ज्ञांना अवश्य दाखवा.