सीझन बॉल आला की पाय लेग साइडला का पळतो?

"सोसायटीत टेनिस बॉलवर सगळ्यांना धुतो, पण सीझन बॉल (लेदरचा कडक चेंडू) दिसला की मागे सरकतो. क्रिकेट सोडवू का?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा 11 वर्षांचा. नेटमध्ये एक चेंडू मांडीला बसला. वळ गेला, धास्ती राहिली. सर विचारायचे, "बीक शेनी लागे छे?" (भीती कशाची वाटते?) आणि जाळीमागून बाबा, "हलू नकोस!"

आधी सामान बघितलं. टेनिस बॉल साधारण 58 ग्रॅमचा. 13 वर्षांखालच्यांचा लेदर बॉल 133 ते 144 ग्रॅमचा, मोठ्यांचा 156 ते 163. हा मुलगा मोठ्यांच्या बॉलवर खेळत होता! हेल्मेट थोरल्या भावाचं, मान हलवली की डोळ्यांवर यायचं. शिवाय लहान मुलांचा बॉल आकारानेही छोटा असतो. हेल्मेटची कड आणि जाळी यांच्या फटीतून तो आत शिरत नाही ना, हे हातात धरून तपासावं. थायपॅड, म्हणजे मांडीवर बांधायचं पॅड, तर नव्हताच. डोळे तपासून घेतले, नंबर नव्हता.

खरी गोची नजरेत होती. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटला की हा नजर काढून घ्यायचा; पाय त्यानंतर लेग साइडला, म्हणजे चेंडूच्या रेषेपासून दूर, पळायचा. म्हणून पायामागे वीट ठेवण्याचा नेहमीचा उपाय फसला. पाय थांबला, डोकं मात्र लेग साइडलाच पडलं. मग चेंडू दिसत नाही, म्हणून लागतो, आणि लागला की भीती पक्की होते.

भीतीला 0 ते 10 गुण मुलानेच दिले: 8 मीटरवरून अंडरआर्म लेदर बॉल 4, 12 मीटरवरून थ्रो 6, नेटमधला वेगवान गोलंदाज 9. पहिल्या पायरीवर फटका मारायचाच नाही. पूर्ण सामान घालून उभं राहायचं, ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू मागच्या जाळीपर्यंत बघत सोडायचा आणि टप्पा पडताच "पुढे" (टप्पा आपल्याजवळ) किंवा "आखूड" (टप्पा लांब) असं ओरडायचं. ओरडायचं तर बघावंच लागतं. 12 चेंडू झाले की थांबून पुन्हा गुण. सलग दोन दिवस गुण 3 च्या खाली आले तरच पुढची पायरी, तीही मुलगा म्हणेल तेव्हा. एका रविवारी बाबांनी परस्पर बॉलिंग मशीनसमोर उभं केलं. गुण थेट 8. दोन पायऱ्या खाली यावं लागलं.

चेंडू लागणारच नाही असं वचन देऊ नये. लागून घ्यायलाही शिकवावं: थायपॅडवर मुद्दाम टेनिस बॉल घ्यायचे, उसळत्या चेंडूला मनगटं खाली, हनुवटी खांद्याकडे, नजर चेंडूवर. पाठ फिरवली की मानेची मागची बाजू उघडी पडते.

आजोबांनी धीर द्यायला बडोद्याच्याच अंशुमान गायकवाडांची गोष्ट सांगितली होती: 1976 मध्ये जमैकात कानावर चेंडू लागून 81 धावांवर जखमी होऊन डाव सोडला, आणि 1983 मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध 201 धावा. नातवाच्या लक्षात राहिला तो फक्त कान. शूरांच्या गोष्टी भीती उतरल्यावर सांगाव्यात.

दीडएक महिन्यात वेगवान गोलंदाजाचे गुण 9 वरून 4 वर आले. डावखुऱ्या गोलंदाजाच्या आत येणाऱ्या चेंडूवर पाय अजून थोडा सुटतो, त्यावर काम चालू आहे. आईला एकच बदल सुचवला: घरी जाताना "घाबरलास का?" विचारू नका, "किती चेंडू शेवटपर्यंत दिसले?" एवढंच विचारा. मात्र डोक्याला लागल्यावर चक्कर, उलटी किंवा डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यांनी परवानगी देईपर्यंत नेट बंद.