निवृत्त होणाऱ्या न्यायाधीशांचा सत्कार गावाने कसा करावा?

तालुका न्यायालयातले न्यायाधीश महिनाअखेर निवृत्त होताहेत, गावाने वर्गणी काढून नागरी सत्कार करावा आणि सोन्याची अंगठी द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. भावना चांगली आहे, पण वर्गणी आणि अंगठी दोन्ही राहू द्या. २२ वर्षं तालुक्याला वकिली करतोय, म्हणून कळकळीने सांगतो.

साहेब शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत न्यायाधीशच असतात, त्या दिवशीही बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, असतो. वर्गणी देणाऱ्यांपैकी कुणाचा तरी दावा त्यांच्यापुढे चालू असणारच. शिवाय वर्तणूक नियमांप्रमाणे नोकरीत असताना मानपत्र किंवा जाहीर सत्कार घ्यायला आधी परवानगी लागते. निरोपाचा साधा, घरगुती कार्यक्रम चालतो. तो वकील संघाला करू द्या, कामकाज संपल्यावर, बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत. चहा, पेढे, गुलाबाचं फूल, पुरे. शिपाई, समन्स बजावणारे बेलीफ यांच्याकडून तर एक रुपयाही घेऊ नका. गावाचा सत्कार निवृत्तीनंतर, साहेबांना विचारून.

न्यायाधीशांची साधारण तीन वर्षांनी बदली होते, म्हणजे त्यांची सेवा बऱ्याच गावांत विखुरलेली असते. आधीच्या तालुक्यांतल्या वकील संघांकडून चार-चार ओळी मागवा आणि वाचून दाखवा. अंगठीपेक्षा ते त्यांना जास्त जपून ठेवावंसं वाटेल.

आणि बोलायला पुढाऱ्यांऐवजी शिरस्तेदाराला (कोर्टातल्या कारकुनाला), पट्टेवाल्याला उभं करा. हरलेल्या बाजूच्या एखाद्या वकिलालाही.

आमच्याकडे एका साहेबांच्या निरोपाला मी असाच बोललो होतो. मालमत्तेच्या वाटपाच्या दाव्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजी साक्षीला आल्या होत्या. कोर्ट पहिल्या मजल्यावर. दोन पायऱ्या चढून त्या कठड्याला धरून खाली बसल्या. पुकारा झाला, कुणी आलं नाही. कारण कळल्यावर साहेब स्वतः लघुलेखकाला घेऊन खाली आले, व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि तिथेच साक्ष नोंदवली. आजींना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून माझा उलटतपासाचा प्रत्येक प्रश्न साहेबांनी त्यांना स्वतः मोठ्याने, सावकाश पुन्हा सांगितला. माझ्या पक्षकाराविरुद्धच निकाल लागला. तरी ती दुपार मी विसरलेलो नाही.

एवढं बोलून मी खाली बसल्यावर साहेबांनी विचारलं, "त्या आजींना त्यांचा हिस्सा प्रत्यक्ष मिळाला का हो?"