पोरगी पुनवेला निंबाखाली दिवा लावते, तिला बाधा झाली का?

"पोरीले बाहेरचं लागलं का जी?" हा प्रश्न घेऊन चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातली एक आई सल्ल्यासाठी आली. ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत, पण अशी काळजी घेऊन येणारी ती एकटी नाही. मुलगी २४ वर्षांची, नागपुरात शिकून घरी परतलेली. घरच्या पूजेला बसत नाही, पौर्णिमेला अंगणातल्या कडुनिंबाखाली दिवा लावून तासभर गप्प बसते आणि विचारलं की म्हणते, "माझा मार्ग पेगन आहे." वडील तिला मांत्रिकाकडे न्यायच्या तयारीत होते.

आधी आईबापांना शब्द समजावून सांगावा लागला. 'पागानुस' हा लॅटिन शब्द, अर्थ खेड्यातला, गावाकडचा माणूस. ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा जुने देव धरून राहिलेल्यांना हे नाव चिकटलं. आजचा पेगन मार्ग म्हणजे निसर्गात देवत्व पाहणाऱ्या अनेक वाटा. त्यांतली विक्का ही वाट १९५४ च्या सुमारास जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थाने लोकांसमोर आणली. सगळ्यांना बांधणारा एक ग्रंथ नाही, पुरोहितावाचून चालतं, देवाबरोबर देवी आहे आणि वर्षाचे आठ ऋतुसण आहेत. आई ऐकून म्हणाली, "एवढंच? मंग लपवते कायले?"

मुलीशी वेगळं बोलताना "हा मार्ग का घेतलास?" असं विचारू नये. त्या 'का'मध्ये तिला आरोप ऐकू येतो आणि ती वाद घालायला लागते. "या पूजेत पहिल्यांदा बरं कधी वाटलं?" असं विचारलं की गोष्ट उलगडते. तिची आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला दोघी जात. वेचण्याआधी आजी पहिल्या झाडाला हात जोडायची. नागपूरच्या खोलीत, आजी गेल्यानंतर, तिने हेच हात जोडणं एका पेगन बाईच्या व्हिडिओत पाहिलं आणि ती रडली. दुसरं कारण पाळीचं. दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचं, देवघराकडे फिरकायचं नाही. "ज्याले माझ्या अंगाचा विटाळ होते, त्याले मी काय मागू?" या दोन्ही कारणांत आजार कुठेही नाही. एक दुःख आहे आणि एक रास्त तक्रार.

तिसरं कारण तिसऱ्या भेटीत निघालं. स्पर्धा परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती आणि निंबाखाली बसलं की वडिलांसमोर बसावं लागत नाही. बहुतेकांची कारणं अशी मिसळलेलीच असतात, त्यामुळे मार्ग खोटा ठरत नाही. मात्र पळण्याचं कारण वेगळं काढून त्यावर वेगळं काम करावं लागतं. परीक्षेबद्दल वडिलांशी बोलणं हे पूजेने होणारं काम नव्हे.

यासाठी चार आठवडे वही ठेवायला सांगितली. पूजेआधी मनात काय होतं, नंतर काय, झोप किती, जेवण झालं का, अशा चार ओळी. पूजेनंतर ती घरात येऊन कामाला लागत होती, झोप सात तास होती. हे चांगलं लक्षण. उलट दिवसच्या दिवस झोप न लागूनही अंगात जोर वाटणं, हुकूम देणारे आवाज ऐकू येणं, जेवण सुटणं, मैत्रिणी तोडणं, जगणं नकोसं वाटणं, यांतलं काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मांत्रिकाची वाट धरू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं कैद होऊ शकते.

खरा धोका दुसरीकडे आहे. विक्काच्या पुस्तकांतला 'विच' हा शब्द ती मैत्रिणीला 'चेटकीण' असा सांगत होती. करणीच्या संशयावरून बाईला मारहाण होते त्या मुलखात हा शब्द जिवावर बेतू शकतो. तो थांबवायला लावला. दुसरं, वाघाच्या आणि सापाच्या रानात रात्री पूजेला जायचं नाही, अंगण पुरे. धोतरा, कण्हेर ही झाडं विषारी, ती धुपात किंवा काढ्यात नकोत. ऑनलाइन दीक्षेसाठी पैसे किंवा खासगी फोटो मागणारा गुरू लगेच बंद.

सणांचाही घोळ होता. १ मेचा बेल्टेन हा युरोपातल्या उन्हाळ्याच्या स्वागताचा सण. इथे तेव्हा ऊन जाळतं आणि माणसं तेंदूपत्त्याला गेलेली असतात. तिने आपले ऋतू धरले: मोह, पोळा, धानकापणी. गोंडांचे पेन, म्हणजे त्यांचे देव, मात्र उसने घेऊ नयेत, असं स्पष्ट सांगावं लागलं. ते कुळाचे देव आहेत. कुणाचं कूळ चार देव मानणारं, कुणाचं पाच, सहा किंवा सात, आणि कुळांची नाती त्यावर बांधलेली. ते कोणीही उचलून आपल्या अंगणात मांडायचे नसतात.

वडिलांचं म्हणणं, धर्म काय बाजारातली भाजी आहे निवडायला? पण निवडणं या मातीला नवं नाही. रिद्धपूरच्या वाटेने महानुभाव पंथाचा उपदेश घेणारी घरं इथे पिढ्यांपासून आहेत. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली २१ वर्षं ते अभ्यास करत होते. मुलीला हेच सांगितलं: घाई नको, घोषणा नको, वर्षभर करून बघ. कागदोपत्री काही बदलावं लागत नाही.

घरात ठरलं ते असं. आईची पूजा आई करेल, फुलं मुलगी आणेल, आरतीला उभं राहण्याची सक्ती नाही. पाळीत तिने निंबाखाली दिवा लावला तर कोणी बोलणार नाही. महिन्यातून एकदा बापलेक परीक्षेचं बोलतील, देवाचं नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी तिने केली, लोणी-हळद आईने दिली. स्थळं पाहताना हे सांगायचं की नाही, यावर आई अजून अडून आहे. पहिल्या भेटीत नको, पण होकाराआधी मुलीने स्वतःच्या तोंडाने मुलाला सांगावं, एवढ्यावर सध्या बोलणं आलं आहे.