वाचकांचे प्रश्न: पुस्तक कोणाच्या कानावर पडणार आहे?

या महिन्यातली निम्म्याहून अधिक पत्रं एकच मागतात: "बाई, चांगलं ख्रिस्ती पुस्तक सुचवा." कोणासाठी चांगलं, ते मात्र कोणी लिहीत नाही. मी नंदुरबारला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आता मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, पुस्तकांचं लोखंडी कपाट आणि त्याची वही माझ्याकडे असते. कोणी काय नेलं ते वहीत दिसतं. वाचलं की नाही ते पुस्तकाच्या कडा पाहिल्या की कळतं. कौटुंबिक जीवनावरची पुस्तकं हळदीचे डाग घेऊन परत येतात. पुढारीपणावरची कोरी करकरीत येतात. उत्तरं देताना हे दोन्ही माझ्या डोळ्यांपुढे असतं.

रात्री जेवणानंतर घरी कौटुंबिक उपासना सुरू करायची आहे. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. सासूबाईंना वाचता येत नाही. इंग्रजीवरून भाषांतर केलेलं रोजच्या मननाचं पुस्तक आणलं, पण आठवडाभरात सगळे जांभया देऊ लागले. दुसरं कोणतं घ्यावं? (एक भगिनी, शहादा)

ताई, सध्या काहीच विकत घेऊ नका. तुम्ही आणलेलं पुस्तक वाईट नसेल, पण तसली पुस्तकं एकट्या माणसानं सकाळी शांतपणे स्वतःशी वाचायची असतात. तुमच्याकडे पाच जण, त्यातल्या एकीला वाचता येत नाही, दोघांना झोप येतेय आणि भांडी अजून मोरीत पडलेली. तिथे डोळ्यांसाठी लिहिलेलं चालत नाही, कानासाठी लिहिलेलं लागतं.

घरातल्याच पवित्र शास्त्रातल्या रूथच्या पुस्तकापासून सुरुवात करा. अध्याय चारच, म्हणजे चार रात्रींचं काम. पहिल्या अध्यायात बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब पोट भरायला परमुलखात मवाबात जातं, तिथे घरातले तिन्ही पुरुष मरतात आणि सासू नि दोन सुना उरतात. आपल्याकडे दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. हा अध्याय इथे कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. दुसऱ्या अध्यायात रूथ सातूच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते. भुईमूग उपटून झाल्यावर मागे राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या बाया तुमच्या मुलांनी पाहिल्या असतीलच; नसतील तर आजी सांगतील. शेतमालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या आणि तिला बोलू नका.

आणि मग एक एवढीशी गोष्ट येते, ती पुष्कळ जण वाचून पुढे जातात. दुपारी शेतावर रूथला जेवायला मिळालं, ती पोटभर जेवली आणि उरलेलं तिनं राखून ठेवलं. संध्याकाळी झोडपलेले सातू सासूपुढे ठेवल्यावर ते राखलेलं अन्नही काढून दिलं. त्या ओळीवर पुस्तक मिटा आणि सासूबाईंना विचारा, त्यांनी कोणासाठी काय राखून ठेवलं होतं. त्या रात्री तुमची उपासना दहा मिनिटांत आटोपली तर मला कळवा.

वाचता न येणारं माणूस उपासनेत नुसतं बसलेलं असतं, असं समजू नका. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती; त्या बोलत गेल्या आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. आमच्या गल्लीतल्या एक आजी नातीला वाचताना मध्येच अडवतात, "परत वाच व पोरी, काय म्हने तो?" नात चिडते, पण परत वाचते, आणि दुसऱ्यांदा वाचताना तिला स्वतःलाच काहीतरी नवं दिसतं. तुमच्याकडेही वाचायचं काम पाचवीतल्या मुलीकडे द्या, अडवायचं आजींकडे.

रूथ संपलं की मार्क घ्या. सोळा अध्याय, भराभर चालणारं शुभवर्तमान, अर्धा अध्याय एका रात्रीला पुरे. अधूनमधून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा एखादा अभंग चालीवर म्हणा. टिळकांचं 'ख्रिस्तायन' मिळालं तर तेही मोठ्यानं वाचण्यासारखंच आहे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा ते अर्धवट राहिलं होतं. पुढचे बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, लग्नानंतर नवऱ्याकडून वाचायला शिकलेली. हे मुलीला सांगा, अभ्यासावरून तुम्ही जी बोलणी देता त्यापेक्षा बरं.

मोबाईलबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा, तुमच्यासकट सगळ्यांनी. मिस्टर उशिरा आले तर त्यांच्यासाठी थांबू नका, ते जेवता जेवता ऐकतील.

मी यंदा मंडळीच्या पंचकमिटीवर निवडून आलो. पुढारीपणावरची तीन पुस्तकं मागवली. त्यांत दूरदृष्टी, संघबांधणी, मंडळीची वाढ असं बरंच आहे, पण आमच्या इथे कसं लावायचं समजत नाही. आमच्यात निम्मे मावची बोलणारे, निम्मे मराठी. (एक नवे पंच, नवापूर तालुका)

भाऊ, तुम्ही पाठवलेली यादी पाहिली. तिन्ही परदेशी पुस्तकांची भाषांतरं आहेत आणि त्यांतली मंडळी अशी असते की तिच्या लोकांकडे गाडी आहे, पगार महिन्याच्या महिन्याला येतो आणि प्रत्येक रविवारी तीच माणसं त्याच बाकावर बसतात. तुमच्याकडे दिवाळीनंतर मंडळी रिकामी होते आणि होळीच्या सुमाराला परत भरते. "उपस्थितीचा आलेख सतत चढता ठेवा" हे वाक्य बारडोलीकडे ऊस तोडणाऱ्या माणसाला काय सांगणार? मी ती पुस्तकं फेकून द्या म्हणत नाही. कपाटात ठेवा, दोन वर्षांनी काढा.

पंचानं आधी वाचायचं पुस्तक कोणत्याच ख्रिस्ती दुकानात मिळत नाही: तुमच्या मंडळीची घटना. ती कोणाकडे आहे ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती जुन्या सेक्रेटरींच्या ट्रंकेत सापडते. त्यानंतर कीर्द आणि पावतीपुस्तकं. मंडळी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कित्येक मंडळ्यांची भांडणं शिकवणीवरून नसतात, न दिलेल्या बदल अर्जावरून असतात. कागदावर वर गेलेली माणसं अजून विश्वस्त असतात आणि जिवंत माणसं कोर्टात. यात आध्यात्मिक काय, असं कोणी म्हणालं तर २ करिंथकरांचा आठवा अध्याय उघडून दाखवा. यरुशलेमच्या गरजू भावांसाठी गोळा केलेली वर्गणी पोहोचवताना पौल एकट्यानं नेत नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतो, म्हणजे कोणी बोट ठेवू नये.

आता भाषेचं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, सगळ्या कमिटीनं मिळून मोठ्यानं वाचा. यरुशलेमच्या मंडळीत पहिली कुरकुर झाली ती याच कारणावरून: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही आणि दोन्ही बाजूंची समान माणसं घेऊन समेटाची कमिटीही केली नाही. त्यांनी लोकांना सात जण निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प यांच्यासकट त्या सातांची नावं बघा, सातही ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्याच हातात वाटप दिलं. तुमच्या मंडळीत धान्य, औषधपाणी, लग्नकार्याची मदत कोण वाटतं, आणि ते कोणती भाषा बोलतात, ते एकदा कागदावर मांडून पाहा. मग पुढारीपणाच्या चौथ्या पुस्तकाची गरज पडते का बघू.

शास्त्रपाठ एका रविवारी मावचीत वाचायला लावा. मावचीत नव्या कराराचं भाषांतर झालेलं आहे, मोबाईलवरही सापडतं. मराठी बोलणाऱ्यांनी तेवढा वेळ नुसतं ऐकत बसावं. दुसरे इतकी वर्षं तेच करत आले आहेत.

तुम्हाला बाहेरचं एक पुस्तक हवंच असेल, आणि इंग्रजी जमत असेल, तर डीट्रिख बोन्हॉफर या जर्मन पाळकाचं 'लाइफ टुगेदर' शोधा. मूळ जर्मन पुस्तक १९३९ चं. फिंकनवाल्डे इथं ते पाळकांची गुप्त शाळा चालवत. १९३७ साली नाझी पोलिसांनी ती बंद पाडली, आणि तिथे एकत्र राहताना जे कळलं ते त्यांनी या छोट्या पुस्तकात लिहिलं. भावाची पहिली सेवा म्हणजे त्याचं ऐकून घेणं, असं त्यांचं म्हणणं. पंचकमिटीच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावावंसं वाटेल.

तरुण संघाला गिटारवरची नवी गीतं हवीत, वडीलधारे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक सोडायला तयार नाहीत. उपासनेवर एखादं पुस्तक सुचवा, म्हणजे वाद मिटेल. (एक गायनप्रमुख, जळगाव)

पुस्तकानं हा वाद मिटल्याचं माझ्या पाहण्यात नाही. दोन्ही बाजू त्याच पुस्तकातली आपापली पानं दाखवतात. १५० वं स्तोत्र काढा म्हटलं तर तरुण तंतुवाद्यांवर बोट ठेवतात. वडीलधारे म्हणतात, त्यात गिटार कुठे आहे? पेटीही नाही, हे सोयीनं विसरतात.

'उपासना संगीत'मधली टिळकांची किंवा कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांची गीतं त्यांच्या काळात नवीच होती. विलायती चालींची सवय झालेल्या कानांना भजन-अभंगाच्या देशी चाली चर्चमध्ये परक्या वाटल्या होत्या. हे वडीलधाऱ्यांना सांगा, हळूच. तरुणांना काय सांगायचं तर गीत बसवण्याआधी त्याचे शब्द वाद्याशिवाय एकदा मोठ्यानं वाचा. ज्या गीताचं एकही कडवं नुसतं वाचून ऐकवत नाही, ते गिटारनं सुधारणार नाही. जुन्या गीतांनाही हीच कसोटी लावा. थोडी गळतील, त्याचं दुःख नको.

मुलीच्या लग्नात नवदांपत्याला द्यायला कौटुंबिक जीवनावर चांगलं पुस्तक कोणतं? पवित्र शास्त्रं तर चार-पाच भेट येतीलच. (वधूपिता, धुळे)

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ साली आला, आता सगळे भाग एकत्र मिळतात. आदर्श पती आणि आदर्श पत्नी यांच्या याद्या देणाऱ्या पुस्तकांपेक्षा हे बरं, कारण यातला नवरा आदर्श मुळीच नाही. तापट, हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणारा, घरी न सांगता निघून जाणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला, ती १९०० साली. मधली ताटातूट, समाजाचं बोलणं, सगळं तिनं लिहिलंय, आणि लिहिताना स्वतःलाही हसलीय. जावईबापूंनाही वाचायला सांगा. मुलीला एकटीला देऊ नका, नाहीतर तो सासरी पाठवलेला इशारा समजला जाईल.

मी वारकरी घरातला. शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्यांचा धर्म समजून घ्यायला वादविवादाचं नको, वाचनीय असं काही सांगा. (एक वाचक, अमळनेर)

तुमचा कान ओवीचा आहे, तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' पाहा. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या या जेझुइट पाद्र्यानं अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत ते रचलं आणि १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. भाषा जुनी आहे, पण ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला अडायचं कारण नाही. आणि नाताळात शेजाऱ्यांकडे फराळाला जा, बरीच पानं वाचायची वाचतील.

आईच्या पेटीत पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं जुनं पवित्र शास्त्र सापडलं. पानं सुटली आहेत. काय करावं? (रेल्वेतले निवृत्त, भुसावळ)

सेलोटेप लावू नका. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर नकोच. सुटी पानं क्रमानं लावून सुती कापडात बांधा आणि कोरड्या जागी आडवं ठेवा. भुसावळचा उन्हाळा पुस्तकाला सोसतो, पावसाळ्यातली भिंतीची ओल सोसत नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ति मिशनमधल्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत हे काम केलं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला, त्याच्या छपाईचं कामही तिथल्याच मुलींनी केलं. आतल्या कोऱ्या पानावर आईनं बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या तारखा लिहिल्या असतील तर त्या पानाचे फोटो काढून भावंडांना पाठवून ठेवा.

ख्रिस्ती पुस्तकांच्या पीडीएफ आमच्या मंडळीच्या ग्रुपवर फिरतात. घ्याव्यात का? (एक भगिनी, शिरपूर)

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. रेव्हरंड टिळक, रमाबाई आणि लक्ष्मीबाई (मृत्यू १९३६) यांचं त्यांनी स्वतः लिहिलेलं आता सर्वांचं आहे, खुशाल घ्या, खुशाल पाठवा. हयात लेखकाचं, शे-दीडशे रुपयांना मिळणारं पुस्तक स्कॅन करून वाटलं तर ती चोरी, मग खाली "प्रभूच्या सेवेसाठी" लिहिलेलं असलं तरी. ग्रुपवर ते टाकणारे तुमचे सेक्रेटरीच आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हे कात्रण दाखवा, माझं नाव सांगितलंत तरी चालेल.