वाचकांचे प्रश्न : सिगारेट का सुटत नाही, आणि व्हेपने सुटते का?

प्रश्न : मी रोज पंधरा सिगारेटी ओढतो. ताण आला की ओढतोच, पण कामात सगळं सुरळीत असतानाही हात पाकिटाकडे जातो. सोडायचं ठरवतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटवतो. नेमकं कुठे अडतं?

उत्तर : तुमच्या पंधरा सिगारेटी पंधरा वेगवेगळ्या कारणांसाठी नसल्या, तरी एकाच कारणासाठीही नाहीत. म्हणून आधी सोडण्याचा दिवस ठरवू नका, चार दिवस नोंद ठेवा. पेटवण्याआधी, नंतर नव्हे, चार गोष्टी लिहा : वेळ, तेव्हा काय चाललं होतं, ही का हवी, आणि तलफ शून्य ते पाचमध्ये किती. ओढून झाल्यावर लिहिलं की मन कारणं सोयीची करून घेतं.

चार दिवसांत गट आपोआप दिसू लागतात. पहिला गट शरीराच्या मागणीचा. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे आठ तासांच्या झोपेनंतर जेमतेम सोळावा हिस्सा उरतो, आणि सकाळची पहिली सिगारेट ती तूट भरून काढते. जागं झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पेटवावी लागत असेल, तर अवलंबित्व पक्कं आहे. अशा माणसाला नुसत्या निश्चयावर सोडायला सांगणं अन्यायाचं आहे. त्याला निकोटीन दुसऱ्या मार्गाने मिळायला हवं.

दुसरा गट जोडीच्या सिगारेटींचा : चहाबरोबरची, जेवणानंतरची, फोनवर बोलतानाची. यांची तलफ बहुधा एक-दोनच असते. इथे निकोटीनपेक्षा प्रसंग बदलणं उपयोगी. चहाची जागा बदला, जेवण झाल्याबरोबर उठून दात घासा, फोन ज्या हातात धरता तो हात बदला. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण रोजच्या चार-पाच सिगारेटी इथेच गळतात.

तिसरा गट सुट्टीच्या सिगारेटींचा. कामातून पाच मिनिटं उठायला तेवढं एकच निमित्त मान्य असतं. सिगारेट काढा, सुट्टी ठेवा. सुट्टीही काढून टाकणारे फार टिकत नाहीत.

ताणाच्या सिगारेटीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. निकोटीन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. तरी झुरका घेतल्यावर शांत वाटतं, कारण मागच्या सिगारेटीनंतर सुरू झालेली अस्वस्थता त्याने थांबते. ती अस्वस्थता आणि खरा ताण आतून सारखेच जाणवतात, म्हणून श्रेय सिगारेटला मिळतं. सोडून काही आठवडे उलटलेल्यांची चिंता एकंदरीत कमी झालेली आढळते, वाढलेली नव्हे.

तुमचा तिसरा दिवसही यातून समजतो. सोडल्यानंतरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतो, मग उतरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा निवळतो. तुम्ही नेमके शिखरावर असताना परत फिरता. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती मिनिटं कशी काढायची, हे त्या दिवसाआधीच कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : सिगारेटऐवजी व्हेप घेतलं. ठसका लागतो, कधी जळका वास येतो, आणि समाधान तर होतच नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : व्हेप म्हणजे ई-सिगारेट : तिच्यात बॅटरीवर तापणारी तार, म्हणजे कॉइल, निकोटीनच्या लिक्विडची वाफ करते आणि ती वाफ ओढायची असते. तुमची तीन दुखणी वेगवेगळी आहेत.

ठसका बहुधा ओढण्याच्या पद्धतीमुळे लागतो. सिगारेटचा झुरका छोटा आणि जोरकस असतो. व्हेप हळू ओढायचं, तीन-चार सेकंद, आधी तोंडात आणि मग आत. सिगारेटसारखी घट्ट ओढ देणारं, एक ओहमच्या (ओहम म्हणजे तारेचा विद्युतरोध मोजायचं एकक) आसपासच्या कॉइलचं लहान यंत्र नवख्याला बरं. अर्ध्या ओहमखालच्या कॉइलची, ढगच्या ढग सोडणारी यंत्रं थेट फुप्फुसात ओढण्यासाठी असतात. त्यांत मिलिलिटरला तीन ते सहा मिलिग्रॅम निकोटीनचं लिक्विड चालतं, वीस मिलिग्रॅमचं घातलं तर घसा भाजल्यासारखा होतो आणि डोकं गरगरतं.

जळका वास म्हणजे कॉइलमधला कापूस कोरडा पडला आहे. नवी कॉइल बसवण्यापूर्वी कापसावर लिक्विडचे दोन-चार थेंब सोडा, टाकी भरा आणि दहा मिनिटं यंत्राला हात लावू नका. लागोपाठ झुरके घेतले, वॅट कॉइलवर छापलेल्या मर्यादेपेक्षा वर नेले किंवा लिक्विड फार दाट असलं, तरी कापूस कोरडा पडतो. लिक्विड मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं असतं. ग्लिसरीन दाट असतं, त्यामुळे लहान यंत्रांत निम्मं-निम्मं मिश्रण घ्यावं. एकदा जळलेला कापूस सुधारत नाही, कॉइल फेका. त्या चवीवर ओढत राहू नका. कोरड्या कापसावर तापलेल्या लिक्विडातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतात. गोड चवींची लिक्विडं कॉइलवर लवकर काजळी धरतात. साधारण एक ते दोन आठवड्यांत कॉइल बदलावी लागते.

समाधान न होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच : निकोटीन कमी पडतंय. भीतीपोटी लोक तीन मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, चार दिवसांत कंटाळतात आणि पाकिटाकडे वळतात. रोज पंधरा-वीस ओढणाऱ्याला लहान यंत्रात मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमचं निकोटीन सॉल्ट लागू शकतं, दहाच्या आत ओढणाऱ्याला दहा-बारा पुरतं. बाटलीवर दोन टक्के लिहिलं असेल तर ते वीस मिलिग्रॅमच. सॉल्टमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळे तेवढंच निकोटीन घशाला कमी टोचतं. तीन-चार झुरके घेऊन थांबा, पाच मिनिटांनी गरज वाटली तर पुन्हा घ्या. मळमळ, धडधड किंवा तोंडाला पाणी सुटणं ही जास्त झाल्याची खूण आहे.

लिक्विडची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपातच ठेवा. ते पोटात जाणं लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात कधीही ठेवू नका. आवरण फाटलेली बॅटरी वापरातून काढा.

प्रश्न : बारा सिगारेटींवरून तीनवर आलो, बाकी वेळ व्हेप. एवढं पुरे नाही का?

उत्तर : नाही. हृदयाच्या बाबतीत धोका सिगारेटींच्या संख्येच्या प्रमाणात उतरत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. रोज एकच ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका, वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा निघाला. शिवाय उरलेल्या तीन सिगारेटी बहुधा सर्वांत खोल रुजलेल्या असतात : सकाळची, रात्रीची, भांडणानंतरची. त्या तिघींसाठी वेगळी तयारी करा. सकाळी उठल्याबरोबर, अंथरूण सोडण्याआधी व्हेप किंवा निकोटीनचा गम. तारीख ठरवून तिन्ही एकदम बंद. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त दोन्ही सोबत चालू राहिलं तर तीच नवी सवय होते.

प्रश्न : व्हेप खरंच कमी घातक आहे, की ही फक्त जाहिरात?

उत्तर : तंबाखू जळताना टार आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. व्हेपमध्ये काहीच जळत नाही. त्यामुळे सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर गेलेल्याच्या शरीरात घातक रसायनं बरीच कमी आढळतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. कित्येक वर्षं ओढल्यावर काय होतं, हे सांगण्याइतकी ही वस्तू जुनी नाही. तिचं आजचं रूप २००३ च्या सुमाराचं. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या तीव्र आजाराची साथ आली, तिचा मुख्य संबंध गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी लागला. धडा एवढा की कुठून आलं ते माहीत नसलेलं लिक्विड फुप्फुसात घेऊ नये. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात आणि विक्री कायद्याने बंद आहे, तेव्हा तिथे मिळणारा माल याच प्रकारात मोडतो.

सोडायला मदत होते का? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधल्या एका चाचणीत व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटमुक्त होते, निकोटीनचे पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी), गम वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. पण व्हेपने सोडलेल्यांपैकी ८० टक्के तेव्हाही व्हेप ओढत होते. दोन्ही आकडे एकत्र वाचा. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, जो अजून सज्ञान नाही आणि जी गरोदर आहे, त्यांनी व्हेपला हातही लावू नये.

व्हेप नको असेल तर पॅच आणि गम एकत्र वापरणं एकट्या पॅचपेक्षा सरस ठरतं. रोज दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे लावावा, मग १४ चा दोन आणि ७ चा दोन आठवडे. अचानक उठणाऱ्या तलफेला २ किंवा ४ मिलिग्रॅमचा गम. तो सतत चावायचा नाही. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, थांबल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावा, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्याही आहेत, त्या डॉक्टरांकडूनच.

प्रश्न : व्हेपवर आल्यापासून हात थरथरतात, झोप लागत नाही. निकोटीन तर तेवढंच घेते आहे.

उत्तर : चहा-कॉफी मोजा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर संपवतं. धूर थांबला की तेच कप दुप्पट चढतात. कप निम्मे करा. हेच काही औषधांनाही लागू आहे : मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन, दम्यावरचं थिओफिलिन. ती चालू असतील तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागते.

प्रश्न : वर्षभर सिगारेट नाही. आता व्हेपही सोडायचं आहे. लिक्विडची ताकद २० वरून १० वर आणली, पण हातातून यंत्र सुटत नाही.

उत्तर : रोज किती मिलिलिटर संपतं ते पाहा. आधी २० मिलिग्रॅमचं दोन मिलिलिटर आणि आता १० चं चार मिलिलिटर जात असेल, तर निकोटीन तेवढंच, ४० मिलिग्रॅम, आणि वाफ मात्र दुप्पट. टाकी सकाळी एकदाच भरा, दिवसाचा वाटा तेवढाच. तो तीन आठवडे जमला की पुढची पायरी. त्यासोबत जागा कमी करा : आधी अंथरुणात बंद, मग गाडीत, मग घरात. ६ मिलिग्रॅमच्या खाली उतरताना चिडचिड वाढली तर तिथेच महिनाभर थांबा. सिगारेट पुन्हा हवीशी वाटू लागली तर एक पायरी वर जा, पाकीट आणू नका.