तुरुंगातील रिक्त पदे भरायला न्यायालय सरकारला भाग पाडू शकते का?

होय, रत्नागिरीच्या विशेष कारागृहात किंवा सावंतवाडीच्या तुरुंगात रक्षकांची मंजूर पदे रिक्त राहिली असतील, तर ती ठरावीक मुदतीत भरण्याचा आदेश उच्च न्यायालय राज्य सरकारला देऊ शकते आणि त्याच्या पालनाचा अहवाल वेळोवेळी मागवू शकते. तुरुंग हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीतील विषय असला, तरी कैद्याचा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याचा हक्क तुरुंगाच्या दाराशी संपत नाही, आणि पुरेसे कर्मचारी नसले की कोर्टात हजर करणे, दवाखान्यात नेणे, नातेवाइकांची भेट घडवणे हे सारे अडते. शिवाय दुहेरी पाळी करणाऱ्या रक्षकाचेही हाल होतात, ज्याकडे फार कमी लक्ष जाते. देशातील १३८२ तुरुंगांच्या दुरवस्थेविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ पासून चालवलेल्या प्रकरणातील आदेशांत ही देखरेख स्पष्ट दिसते. त्यातूनच २०१८ मध्ये तुरुंग सुधारणांसाठी न्यायमूर्ती अमिताव रॉय समिती नेमली गेली. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक रक्षक हे प्रमाण दिले आहे, त्याचा आधार याचिकेत जरूर घ्यावा. मात्र नवी पदे निर्माण करणे हा मुख्यतः शासनाचा धोरणात्मक निर्णय असल्याने तेथे न्यायालय सहसा विचार करण्याचे निर्देश देऊन थांबते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जावे लागते. रायगडची प्रकरणे मुंबईतच चालतात.