वाचकांचे प्रश्न : दोन डिस्क होत्या, तरी चित्रीकरण गेलं

प्रश्न : देसाईगंज तालुक्यात झाडीपट्टी नाटकांचं चित्रीकरण करतो. दोन कॅमेरे, दोन्ही फोर-के. सगळं दोन हार्ड डिस्कवर ठेवत होतो. जूनच्या सुरुवातीला वीज पडली आणि कॉम्प्युटरसोबत त्याला लावलेल्या दोन्ही डिस्क गेल्या. येत्या हंगामात 20 नाटकं आहेत. दुकानदार रेडचा डबा (एकाच डब्यात दोन डिस्क, दोन्हींवर एकच डेटा) घ्या म्हणतो. काय करू?

उत्तर : वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेली डिस्क कॉम्प्युटरचाच भाग धरा. एका बोर्डावरचं सगळं एकाच झटक्यात जातं. रेडच्या डब्याचंही तेच. आतली एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, एवढ्यापुरता तो चांगला. वीज पडली, चोरी झाली किंवा हातून फोल्डर उडाला, तर त्यातल्या दोन्ही डिस्क बरोबरच गेल्या समजा. ते पैसे सुट्या डिस्कवर घाला.

आधी हिशोब मांडू. फोर-के सेकंदाला 100 मेगाबिटवर तासाला 45 जीबी घेतं. नाटक रात्रभराचं, 6 तास धरले तर दोन कॅमेऱ्यांचे 540 जीबी आणि 20 नाटकांचे 10.8 टीबी. नाटकात कॅमेरा बहुतेक वेळ स्टँडवरच असतो आणि बघणारे मोबाइलवर बघतात. आमचं मत, फुल एचडी 50 मेगाबिटवर घ्या. डेटा निम्मा होतो, नाटकामागे 270 जीबी, हंगामाचे 5.4 टीबी. 8 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 7.27 दाखवते, त्यात हे बसून जागाही उरते.

म्हणजे घ्यायचं एवढंच : एडिटिंगसाठी 2 टीबी एसएसडी आणि 8 टीबीच्या दोन डिस्क. त्यांवर मार्करनं ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. नव्या पोर्टेबल डिस्क अनेकदा एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइल मांडण्याची एक पद्धत) येतात. कॉपी चालू असताना लाइन गेली तर त्यात फोल्डरची यादीच बिघडू शकते, कारण अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद एक्सफॅट ठेवत नाही. विंडोज वापरत असाल तर डिस्क रिकामी असतानाच एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा.

पहाटे नाटक संपलं की कार्डावरच्या क्लिप निवडत बसू नका, आतले सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवा. फोल्डरच्या नावात तारीख, गाव आणि कॅमेरा येऊ द्या. आधी एसएसडीवर, मग ‘अ’वर. कॉपी-पेस्टऐवजी टेराकॉपी हे सॉफ्टवेअर वापरा आणि त्यातलं व्हेरिफाय चालू ठेवा. ते उतरवलेली फाइल पुन्हा वाचून मूळ फाइलशी जुळवतं. साध्या कार्ड रीडरचा वेग सेकंदाला 90 एमबी धरला तर 270 जीबीला 50 मिनिटं लागतात, पडताळणीचा वेळ वेगळा. घाईत हीच पायरी सुटते आणि अर्धवट फाइल एडिटिंगला बसल्यावर सापडते, तोवर कार्डावर दुसऱ्या गावचं नाटक आलेलं असतं. दोन ठिकाणी पडताळणी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. त्यासाठी कार्डांचे दोन संच लागतील, तो खर्च टाळू नका.

‘ब’ डिस्क घरात ठेवायची नाही. ज्या नातेवाइकाचं घर वेगळ्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे त्याच्याकडे ठेवा. त्याचं गाव नाटकाच्या वाटेवर असेल तर उत्तमच. आठवड्यातून एकदा आणा, नवं भरा, त्याच दिवशी परत पाठवा. ‘अ’ आणि ‘ब’ एकाच वेळी कॉम्प्युटरला कधीच लावू नका. ‘ब’ एसएसडीवरून भरा. एडिटिंग संपून एसएसडी रिकामी केली की कच्च्या चित्रीकरणाच्या दोनच कॉप्या उरतात. तिसरी नाटक मंडळाच्या स्वतःच्या डिस्कवर द्या आणि कच्चं किती महिने सांभाळाल ते पावतीवर लिहा.

विजेचं म्हणाल तर यूपीएस हवाच, कॉपीच्या मध्ये लाइन गेली तर सावरायला वेळ मिळतो. पण पडलेली वीज तो थोपवत नाही. आभाळ गडगडलं की प्लग काढा, राउटरची लॅन वायरही काढा, कारण वीज त्या वाटेनंही शिरते. उन्हाळ्यात माती सुकून भेगाळली की अर्थिंग कमजोर होतं. पहिल्या वादळाआधी इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला.

प्रश्न : चुकून एक फोल्डर डिलीट झाला. नंतर सिंक चालवलं तर बॅकअपमधूनही तो गेला. आणि क्लिप सापडल्या तरी डाविंची या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं काम सापडत नाही.

उत्तर : सिंक ‘मिरर’वर होतं. मिरर म्हणजे इकडे नाही ते तिकडेही ठेवायचं नाही. फ्री फाइल सिंक या सॉफ्टवेअरमध्ये ‘अपडेट’ निवडा आणि बदललेल्या फाइलसाठी ‘व्हर्जनिंग’ लावा, म्हणजे जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये राहते.

डाविंचीचा प्रोजेक्ट क्लिपच्या फोल्डरमध्ये नसतोच, तो तिच्या डेटाबेसमध्ये असतो. रोज काम संपलं की ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट’ करून ती छोटी फाइल क्लिपशेजारी ठेवा. ‘प्रोजेक्ट बॅकअप’ चालू करा आणि त्याची जागा दुसऱ्या डिस्कवर द्या. ही फाइल आणि अंतिम फिल्म क्लाउडवरही टाका. सगळं कच्चं तिथे चढवण्याच्या नादी लागू नका : 20 मेगाबिट अपलोडवर तासाला 9 जीबी जातात, 270 जीबीला 30 तास. कॅशे आणि प्रॉक्सी (एडिटिंगसाठी बनलेल्या तात्पुरत्या फाइल) पुन्हा बनतात, त्यांचा बॅकअप नको.

दर तीन महिन्यांनी ‘ब’ डिस्क लावून एक जुना प्रोजेक्ट उघडा, क्लिप पुन्हा जोडा आणि सुरुवात, मधला भाग, शेवट चालवून पाहा.

प्रश्न : चंद्रपूरच्या उन्हाळ्यात डिस्क कपाटात ठेवल्या तर चालतं का?

उत्तर : पत्र्याखालच्या खोलीत आणि गाडीच्या डिकीत नको. कुलरच्या झोतातही नको, ती हवा दमट असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत न ठेवता फळीवर ठेवा. बंद एसएसडीत वर्षानुवर्षं साठवण करू नका. वीज न मिळता उष्णतेत पडून राहिली तर तिच्यातला साठा हळूहळू विरतो. साठवणीला हार्ड डिस्कच बरी, आणि तीसुद्धा सहा महिन्यांतून एकदा लावून चालवा.